गोपिकाकाकू सगळ्यांची वाक्यं म्हणतात

गोपिकाकाकूंना नाटक आवडतं का, असं मी एकदा त्यांना विचारलं. त्या वांगी चिरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मले काय मालूम गा? मी अजून नाटक पाह्यलंच कुठं?"

तोवर त्यांच्या मेसमध्ये आमच्या तीन एकांकिका बसल्या होत्या. त्या तिन्हींत मिळून काकूंनी नवऱ्याची, सासूची, फौजदाराची आणि एका भुताचीसुद्धा वाक्यं म्हटली होती. रंगमंचावर नव्हे, मेसच्या ओट्यामागे, पोळ्या लाटता लाटता. प्रयोग शहरात व्हायचे, आणि प्रयोगाच्या वेळी काकूंकडे पंगत बसलेली असायची.

हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या पोरापोरींची ही मेस. वानाडोंगरीत मुख्य रस्ता सोडून आत वळलं की एक दुमजली घर लागतं. वर काकू आणि त्यांचे यजमान रुपरावकाकाजी राहतात. खाली टिनाच्या छताचा लांब हॉल आहे. भिंतीला लागून बाक, आणि आत शिरल्यावर डाव्या हाताला शेवटी स्वयंपाकाचा ओटा. काकाजी पूर्वी एका कंपनीत फिटर होते. ती कंपनी बंद पडली तेव्हा ते घरी बसले आणि काकूंनी शेजारच्या खोलीतल्या पोरांना डबे द्यायला सुरुवात केली. डब्यांची हळूहळू मेस झाली. आता काकाजी सकाळी भाजी आणतात, दुपारी झोपतात आणि फारसं बोलत नाहीत. "मशीनच्या आवाजात जिंदगी गेली ना त्याइची," काकू सांगतात. "त्याइले वाटते, आपण बोललो तरी कोणाले आयकू येणार आहे?"

नाटक या घरात अश्विनने आणलं. अश्विन उमरेडकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा, एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवतो. जेवणाच्या सुट्टीत तो मोबाइलवर संवाद लिहीत बसायचा. सोबत नाटक करायला मंडळी मिळाली, पण जागा मिळेना. बागेत बसले तर चौकीदार उठवायचा. खोलीवर केलं तर घरमालक दार वाजवायचा. शेवटी एक दिवस हात धुता धुता तो काकूंना म्हणाला, "काकू, दुपारी हॉल रिकामा राह्यते. आमी थोडा आवाज केला तर चालन का?"

"कायचा आवाज?"

"नाटकाचा."

"भांडण हाये का त्याच्यात?"

"हाये थोडंसं."

"मंग खिडक्या लावून करा. नाही तं शेजारच्याइले वाटन, माह्या घरी लागलं."

एवढ्यावर परवानगी मिळाली. पुढे काही नियम आले. तालमीनंतर हॉल झाडायचा, बाक जागेवर लावायचे. काकाजी वर झोपलेले असताना कुणी मरायचं नाही, कारण अश्विन मरताना फार ओरडायचा.

मी या मंडळींत उशिरा आलो. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून एका कंपनीत मेंटेनन्सला लागलो होतो. अभिनय मला येत नाही, हे पहिल्याच दिवशी सर्वानुमते ठरलं. मग मी जुने हॅलोजन गोळा केले, एका पत्र्याच्या डब्यात डिमर बसवला आणि प्रकाशयोजनाकार झालो. काकू मला "बिजलीवाल्या" म्हणतात.

आमची मुख्य अडचण पाळ्यांची होती. पहिल्या पाळीतली माणसं दुपारी सुटतात, तेव्हा दुसऱ्या पाळीतली आत गेलेली असतात. दर आठवड्याला पाळी बदलते, म्हणजे सगळे बदलतात आणि चुकामूक तशीच राहते. साप्ताहिक सुट्ट्यासुद्धा कंपनीगणिक वेगळ्या. त्यामुळे आमच्या तालमीचे दोन भाग असत. दुसऱ्या पाळीवाले सकाळी अकराला येत, पहिल्या पाळीवाले दुपारी चारला. नाटकात जे दोघं एकमेकांशी भांडायचे, ते महिनोन्‌महिने एकमेकांना भेटायचेच नाहीत.

यावर मी एक तांत्रिक उपाय काढला होता. गैरहजर माणसाची वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि स्पीकरवर लावायची. पहिल्याच दिवशी आमच्यातल्या मोहितचं एक वाक्य अडकलं. तो आठवत बसला, आणि स्पीकर त्याची वाट न बघता पुढची सगळी वाक्यं बोलून मोकळा झाला. काकू ओट्यावरून ओरडल्या, "बंद कर बाप्पा तो भोंगा! समोरच्याचं आयकतच नाही. आण इकडं कागद. मी म्हणते."

त्या दिवसापासून जो नसेल त्याची वाक्यं काकू म्हणायच्या. कागद त्यांनी फार दिवस धरला नाही. हातांना कणिक असायची, त्यामुळे त्यांनी सगळं पाठच करून टाकलं. सकाळी त्या नवरा असायच्या, दुपारी बायको. सकाळच्या तालमीत काही बदल झाला तर दुपारच्या लोकांना तो काकूंकडूनच कळायचा. "सकाळी त्यानं तुले रागानं उत्तर देल्लं, तूबी चिडून बोल." कोणी गळून गेला की त्या त्याच्या ताटात आधी भात वाढायच्या आणि मग पुढचं वाक्य म्हणायच्या. आमच्यातली निम्मी मंडळी कंत्राटी. एखाद्याचं काम सुटलं की तो गावी निघायच्या बेतात असायचा. काकू त्याला म्हणायच्या, "जाय ना. पण तुह्यं काम आता कोण करन, ते सांगून जाय." बहुतेक जण राहायचे आणि दुसरं काम शोधायचे.

तरी गेल्या वर्षी आम्ही एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतच बाद झालो. परीक्षकांनी चांगले शब्द वापरले, पण एक गोष्ट तिघांनीही सांगितली. कलाकार एकमेकांशी बोलत आहेत असं वाटत नाही. अश्विनला ते फार लागलं. या वर्षी त्याने 'किल्ली शेजारी' नावाची नवी एकांकिका लिहिली. एका खोलीत राहणारे नवरा-बायको. तो एका पाळीत, ती दुसऱ्या. घराची किल्ली शेजारी ठेवून दोघं आपापल्या वेळेला येतात-जातात आणि रोज थोडाच वेळ समोरासमोर येतात. नवरा मोहित, बायको हर्षा, शेजारी स्वतः अश्विन. हर्षा एका औषध कंपनीत पॅकिंगला आहे. ती पहिल्यांदाच रंगमंचावर उभी राहणार होती.

नाटक वाचून झाल्यावर अश्विन म्हणाला, "पुण्याची कंपनी बोलावून राहिली मले. या साली फेरीतून निघालो नाही, तं मी चाललो. मंग तुमी पाहा काय करायचं ते."

अश्विन गेला की मंडळी राहणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. काकूंनी फक्त विचारलं, "पुण्याले मेस भेटन का तुले?" आणि त्या पुन्हा कणिक मळायला लागल्या. पण त्या आठवड्यापासून त्यांनी तालमीच्या वेळी मोबाइल बघणाऱ्यांना चहा देणं बंद केलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, आमच्या सगळ्यांच्या कंपन्यांना सुट्टी होती. फेरी त्यानंतरच्या रविवारी होती. सगळे एकत्र येण्याची ही एकच संधी. शहरात मारबतीची मिरवणूक निघाली होती, तिकडे जायचा मोह सोडून आम्ही मेसमध्ये जमलो. गल्लीतली पोरं लाकडी नंदी ओढत दारात येत होती आणि काकू त्यांच्या हातावर खाऊ ठेवत होत्या. मग त्यांनी दार लोटलं, तवा ठेवला आणि म्हणाल्या, "आज मी गप. तुमचे तुमी बोला."

मी हॉलच्या मधोमध लाइट लावला होता. नाटक सुरू झालं. हर्षा कामावरून आली. मोहित कामावर निघाला होता. आणि दोघंही डावीकडे बघून बोलायला लागले.

मला आधी वाटलं, माझाच लाइट चुकला, कारण दोघांचे चेहरे अंधारात होते. मी हॅलोजन हलवला. तरी तेच. मोहित हर्षाच्या खांद्यावरून ओट्याकडे बघत होता, आणि हर्षा मोहितला पाठ करून ओट्याकडे. नंतर आणखी एक गोष्ट झाली. हर्षा म्हणाली, "तुमी जेवले का?" आणि थांबली. मोहितही थांबला. दोघं स्वस्थ उभे.

"बोला ना!" अश्विन म्हणाला.

"बोलून राहिलो ना," मोहित म्हणाला.

"मंग थांबला काहून?"

"इथं थांबाच लागते."

"कोणं सांगतलं? मी तं नाही लिहिलं."

मोहित विचारात पडला. "काकू थांबते इथं."

"हो," हर्षा म्हणाली. "माह्यासोबत बोलतानाबी इथंच थांबते."

सगळ्यांनी ओट्याकडे पाहिलं. काकूंच्या हातात सराटा, म्हणजे उलथणं, होता आणि तव्यावर पोळी फुगली होती.

"अरे, मी पोळी पलटवासाठी थांबते ना गा!"

हॉल हसण्याने दणाणला. मोहित तर जमिनीवरच बसला. दोघांनाही ते थांबणं नाटकातलंच वाटलं होतं आणि दोघांनी ते इमानदारीने पाठ केलं होतं. काकूही पदर तोंडाला लावून हसत होत्या. फक्त अश्विन हसत नव्हता. तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मंग मागच्या सालीबी हेच झालं असन."

काकूंचं हसू थांबलं. त्यांनी गॅस बंद केला.

"म्हणजे माह्याच्यानं पडले का तुमी मागच्या साली?"

"तसं नाही काकू..."

"तसंच हाये. इतके मेहनतीनं पोरं येते, अन् मी त्याइले माह्याकडे पाहाले शिकवलं." त्या ओट्यामागून बाहेर आल्या आणि बाकाच्या कडेला बसल्या. "मी नाही बोलत आता मधात. तुमी एकमेकाकडे पाहून करा. पहिल्यापासून."

आम्ही तसा प्रयत्न केला. मोहित आणि हर्षा समोरासमोर उभे राहिले आणि दोघांचीही वाक्यं पळाली. हर्षा म्हणाली, "मले याचं तोंड पाह्यलं की काही आठवतच नाही."

"माह्या आईलेबी तसंच होते," मोहित म्हणाला. पण या वेळी कोणी हसलं नाही. पुन्हा केलं, पुन्हा अडलं. रविवार अगदी जवळ आला होता आणि त्याआधी हे दोघं परत भेटणार नव्हते. अश्विन कोपऱ्यात जाऊन बसला. मला वाटतं तो तेव्हा मनाने पुण्याकडेच निघाला होता.

आवाज बंद झाला म्हणून रुपरावकाकाजी जागे झाले असावेत. ते जिना उतरून आले. "झालं का?"

"झालं कायचं?" काकू म्हणाल्या. "पोरं एकमेकाकडे पाहूनच नाही राहिले. नवराबायको हाये नाटकात, अन् दोघंई ओट्याकडे पाहून बोलते. माह्यामुळं."

काकाजींनी अश्विनला विचारलं, "कोण्या पाळीत हाये तो नवरा?"

"दुसऱ्या."

"अन् बायको?"

"पहिल्या."

काकाजी बाकावर काकूंच्या शेजारी बसले. मग काकूंना म्हणाले, "मंग बराबर हाये. आपुन तरी कवा एकमेकाकडे पाहून बोललो वं? मी ड्युटीवरून येवो, तू भांड्यात राहे. जितू पाळण्यात झोपून राहे, त्याच्याकडे पाहून बोलो दोघंई. हळू. तो उठला नाही पायजे म्हणून."

जितू म्हणजे त्यांचा मुलगा जितेंद्र. तो आता प्रताप नगरात राहतो आणि त्याची मुलंही पाळण्यातून केव्हाच उतरली आहेत.

काकूंनी मान खाली घातली. "पोरायसमोर काईबी बोलता जी तुमी," त्या म्हणाल्या. पण बोलल्या हळूच.

हर्षा एकदम उभी राहिली. "पाळणा! डाव्या बाजूले पाळणा ठेवू ना, अश्विन. आमी दोघं त्याच्याकडे पाहून राहिलो, असं."

"माह्या नाटकात लेकरू नाही," अश्विन म्हणाला.

"आता झालं," मोहित म्हणाला. "अभिनंदन."

अश्विनला हसू आलं आणि मग ते त्याला आवरेना. तो उठला, त्याने एक बाक डावीकडे आडवा लावला, त्यावर काकूंचं लुगडं टाकलं आणि म्हणाला, "करा." पहिल्याच वाक्याला फरक कळला. दोघांचे आवाज आपोआप खाली आले. मी हॅलोजन डावीकडे फिरवला तेव्हा दोघांच्या चेहऱ्यावर अर्धाच उजेड पडला, आणि तो तसाच ठेवायचं ठरलं.

राहिल्या थांबायच्या जागा. अश्विन म्हणाला, "त्याबी राहू द्या. बायको स्टेजवर पोळ्या करन. पलटवाची वेळ आली की दोघं थांबतीन."

"मले पोळ्या नाही येत," हर्षा म्हणाली.

"नाही येत?" काकूंनी विचारलं. "घरी काय करते वं तू?"

"घरी मी ड्युटी करते."

"मी करतो पोळ्या," मोहित म्हणाला. "रूमवर माह्याच हाताच्या खाते सारे पोट्टे."

"नवरा पोळ्या करते, हे परीक्षकाले खोटं नाही वाटन का?"

"काकू, तुमी माह्या रूमवर या एक दिवस."

मग ठरलं. बायको कामावरून येते तेव्हा नवरा तिच्यासाठी पोळ्या टाकून कामावर जायच्या गडबडीत असतो. शेवट अश्विनने तिथेच बसून बदलला. अख्ख्या नाटकात दोघं पाळण्याकडे बघून बोलतात. शेजारी किल्ली परत देऊन जातो, नवरा दारात चपला घालतो, आणि तेव्हा एकदाच दोघं एकमेकांकडे बघतात. त्या वेळी कोणाला काही वाक्य नाही. नवं शिकायचं ते एवढंच होतं. मोहित आणि हर्षाने त्या दुपारी फक्त ते एक बघणं पुन्हा पुन्हा केलं. सुरुवातीला दोघांना हसू यायचं. गल्लीतले नंदी घरी गेले तोवर ते जमलं.

रविवारी प्राथमिक फेरी शहरात, सदर भागात होती, सकाळी. काकू येणार नाही म्हणाल्या. "मी समोर बसली तं पोरं पुन्हा माह्याकडे पाहतीन." हर्षाने त्यांचा हातच धरला. "काकू, तुमी नाही आल्या तं मी कंपनीत जाऊन ओव्हरटाइम करते." शेवटी काकूंनी अट घातली की त्या उजव्या बाजूला, मागे, खांबाआड बसतील. मेसच्या दारावर काकाजींनी खडूने लिहिलं, 'आज दुपारी मेस बंद. नाटक आहे.' ते वाचून नेहमीच्या जेवणाऱ्यांतले बरेच जण मोटारसायकली काढून आमच्या मागे आले. जेवायला मिळणार नसेल तर निदान कारण तरी बघू, असं त्यांचं म्हणणं.

मी रंगमंचाच्या कडेला लाइटच्या खोलीत होतो, तिथून मला रंगमंच आणि काकू दोन्ही दिसत होते. काकाजी त्यांच्या शेजारी ताठ बसले होते. पडदा उघडला आणि काकूंचे ओठ हलायला लागले. आधी हर्षाचं वाक्य, मग मोहितचं, मग अश्विनचं. पुढच्या रांगेतल्या एका बाईने मागे वळून पाहिलं. काकूंनी पदर तोंडावर घेतला, पण पदरही हलत होता.

हर्षाने विचारलं, "तुमी जेवले का?" आणि मोहितने पोळी पलटवली. तवा थंडच होता, सभागृहात शेगडी पेटवायला परवानगी नाही. पण त्या थांबण्यात कोणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं तेव्हा मी उजेड कमी करायला हात डिमरवर ठेवला आणि क्षणभर तसाच ठेवून बसलो. अश्विनने विंगेतून खूण केली तेव्हा अंधार केला.

दुपारी आयोजकांनी निकाल वाचला. अंतिम फेरीसाठी निवडलेल्या एकांकिकांत 'किल्ली शेजारी' होती. मेसमधल्या मंडळींनी इतक्या शिट्या मारल्या की आयोजकांना पुढचं नाव दोनदा वाचावं लागलं. एक परीक्षक अश्विनला बाजूला घेऊन म्हणाले, न बघता बोलण्याची कल्पना फार चांगली आहे, कुठून सुचली? अश्विन गडबडला. "आमच्या मेसमध्ये असंच बोलतात सर," तो म्हणाला.

बाहेर येऊन आम्ही काकूंभोवती उभे राहिलो. त्या काही बोलेनात. मोहितने न राहवून विचारलं, "काकू, काही तं बोला. मी कसं केलं?"

"कणिक पातळ भिजवली होती," काकू म्हणाल्या. "पोळपाटाले चिकटून राहिली होती." मग त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि हर्षाला विचारलं, "अंतिम फेरी कवा हाये म्हणते?"

"पुढच्या हप्त्यात, गुरुवारी. तवा माही दुसरी पाळी राह्यते."

"मंग उद्याच सुपरवायझरशी बोलाले लाग. अन् तू?" त्या अश्विनकडे वळल्या. "तू पुण्याले केव्हा जाऊन राहिला?"

"पाहू ना काकू. दिवाळीनंतर पाहू."

"दिवाळीनंतर नवीन नाटक बसवा लागन," काकू म्हणाल्या आणि काकाजींच्या मोटारसायकलवर बसून निघून गेल्या, कारण रात्रीचा स्वयंपाक व्हायचा होता.

दुसऱ्या दिवशी अकराला मी मेसमध्ये गेलो तेव्हा मोहित एकटाच आलेला होता. हर्षा कामावर होती. सवयीने त्याने ओट्याकडे तोंड केलं, पण ओट्यामागे काकू नव्हत्या. तिथे रुपरावकाकाजी सराटा धरून उभे होते. काकू हात धुऊन हॉलच्या मधोमध आल्या होत्या, जिथे हर्षा उभी राहते, नेमक्या तिथे. त्यांनी पदर खोचला आणि मोहितच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "हं. आता माह्याकडे पाह्य. शेवटचं ते बघायचं हाये ना, ते करून पाहू."

मोहितने चपला घातल्यासारखं केलं आणि वर बघितलं. काकूंनीही बघितलं. दोघंही स्थिर.

तव्यातून धूर यायला लागला. काकाजींनी विचारलं, "पोळी पलटवू का वं?"

काकूंनी उत्तर दिलं नाही. त्या तेव्हा हर्षा होत्या.